ओढू नका, आधी भिजवा

वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

गणपती उठले की माझ्या टपालात नखं यायला लागतात. म्हणजे नखांबद्दलची पत्रं. नवरात्रात ती वाढतात आणि तुळशीचं लग्न लागल्यावर तर विचारूच नका. माझा दवाखाना लालबागला, मिरची गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. पूर्वी हातांची तक्रार घेऊन बायका यायच्या त्या मसाला करताना हात भगभगले म्हणून. आता त्यांच्या मुली, सुना येतात त्या चिकटवलेल्या नखांपायी. लोकलच्या लेडीज डब्यात टिकल्या आणि क्लिपा विकणाऱ्या बायकांकडेही हल्ली चोवीस नखांचं पाकीट असतं आणि त्यात नेल ग्लूची इवलीशी बाटली. हौसेला माझी हरकत नाही. त्या बाटलीशीही माझं फार भांडण नाही. गोंद नको तिथे लागला की पुढच्या अर्ध्या तासात घरात जी धावपळ होते आणि जे उपाय होतात, त्यांच्याशी मात्र आहे. यावेळची पत्रं त्या हिशेबानेच निवडली आहेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. मावसबहिणीच्या हळदीला जायचं म्हणून पलंगावर मांडी घालून नखं चिकटवत बसली होती. बाटलीचं टोपण निघेना, तिने दातांनी ओढलं आणि गोंद मांडीवर सांडला. अंगात सुती लेगिंग होती. लगेच ‘भाजतंय, भाजतंय’ म्हणून किंचाळायला लागली. कापडातून धूर निघताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. घाबरून मी लेगिंग ओढून काढली, तर तिच्यासोबत थोडी कातडीही निघाली. वर टूथपेस्ट लावली. आता जखम भरली आहे, पण काळा डाग राहिलाय. त्या गोंदात ॲसिडची भेसळ असेल का? दुकानदाराची तक्रार करायची आहे.
– एक आई, भांडुप

उत्तर : भेसळ असायची गरज नाही. उत्तमातला उत्तम नेल ग्लू सुती कापडावर सांडला तरी हेच होतं. हे फार थोड्या घरांत माहीत असतं, म्हणून तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं.

या गोंदात मुख्यतः इथाइल सायनोॲक्रिलेट असतं. हवेतला, कातडीवरचा जरासा ओलावा मिळाला की त्याचे रेणू एकमेकांना धरून लांबलचक साखळ्या बनवतात आणि पातळ द्रवाचं टणक प्लास्टिक होतं. साखळ्या बनताना उष्णता बाहेर पडते. नखावर आपण थेंबभरच लावतो, त्यामुळे ती कळत नाही. सुती कापडावर गणित बदलतं. गोंद धाग्याधाग्यांत शोषला जाऊन पसरतो, कापसाच्या प्रत्येक तंतूत मुळचाच ओलावा असतो, आणि सगळाच्या सगळा गोंद एकदम घट्ट व्हायला लागतो. चुनकळीवर पाणी ओतलं की विस्तवाशिवाय ती कशी रटरटते, तसला प्रकार. धूर दिसतो तो यामुळे. लोकरीवरही असंच होतं. पॉलिस्टर, नायलॉनवर सहसा इतक्या जोरात होत नाही. लेगिंग अंगाला घट्ट चिकटून असते, त्यामुळे चटका पसरत नाही पण खोल जातो. लहान मुलांना आणि शाळकरी मुलींना असे खोल चटके बसल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

त्या वेळी करायचं होतं ते असं. तिला तशीच्या तशी, कपड्यासकट न्हाणीघरात न्यायचं आणि मांडीवर नळ सोडायचा. गार पाणी, बर्फाचं नाही, पूर्ण २० मिनिटं. पाण्याने गोंद लवकर घट्ट होतो हे खरं, पण तो तसाही घट्ट झालेलाच असतो. पाणी हवं ते उष्णता वाहून न्यायला. मग सुटं असेल तेवढं कापड कात्रीने कापून काढायचं आणि कातडीला चिकटलेला तुकडा तिथेच ठेवून डॉक्टरकडे न्यायचं. तुम्ही लेगिंग ओढलीत ते आईच्या काळजाने, पण गोंदाने जेवढं केलं नसतं तेवढं त्या एका हिसक्याने केलं. टूथपेस्ट, हळद, इडलीचं पीठ, शाई (हो, शाईसुद्धा अजून लावतात) यातलं काहीही भाजल्या जागी नको. ते खरवडून काढताना पेशंटला दुसऱ्यांदा भाजल्याइतक्या वेदना होतात, आणि जखम किती खोल आहे तेही आम्हाला दिसत नाही. भाजलेल्या जागी गोंद सोडवायला ॲसिटोनही लावायचं नाही.

फोड मोठा असेल, जागा चेहरा, हात, सांधा किंवा जांघेतली असेल, किंवा कातडी पांढरट आणि बधिर झाली असेल, तर जवळचा फॅमिली डॉक्टर पुरे नाही. तुम्हाला भांडुपहून पुलापलीकडे ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ आहे. शहरातल्यांना भायखळ्याचं मसिना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते तारखेसकट सांगा.

आता डागाचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर भाजल्यानंतरचा काळेपणा महिनोन्‌महिने राहतो आणि बहुतेकदा हळूहळू फिका होतो. साधं व्हॅसलिन लावा, त्या जागेवर ऊन पडू देऊ नका, आणि ‘सात दिवसांत गोरेपणा’वाली क्रीम लांब ठेवा. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. डाग उंच व्हायला, खाजायला लागला तर दाखवा. सिलिकॉन जेलने तो दबतो, मात्र ते वेळेत सुरू व्हायला हवं.

दुकानदाराबद्दल बोलायचं, तर पाकीट शोधा. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, वापरायची मुदत यांतलं काहीच छापलेलं नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जरूर तक्रार करा, त्यांचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. हे सगळं छापलेलं असेल, तर कापडाबद्दलची सूचनाही कुठेतरी मुंगीच्या अक्षरांत इंग्रजीत सापडेल. ती मराठीत आणि ठळक का नसावी हा माझाही प्रश्न आहे.

आणि लेकीला एवढं सांगा : पुढच्या वेळी टेबलाशी बसायचं, खाली स्टीलचं ताट ठेवायचं, टोपण दातांनी उघडायचं नाही. सांडलंच तर ओढणीने किंवा कापसाच्या बोळ्याने टिपायचं नाही. ओला गोंद आणि कापूस यांची गाठ घालायचीच नाही.

प्रश्न : सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दिवसातून कितीदा तरी ड्रॉप घालावे लागतात. ते आणि माझ्या नणंदेचा नेल ग्लू एकाच डब्यात होते. काल दुपारी चष्मा नसताना त्यांनी गोंदाची बाटली उचलली. माझं लक्ष गेलं म्हणून वाचलो. पण गेलं नसतं तर काय करायचं होतं?
– एक सून, नायगाव (दादर)

उत्तर : आधी तो डबा रिकामा करा, मग पुढचं वाचा. हा घोटाळा जगभर होतो. डोळ्यांच्या थेंबांऐवजी झटपट चिकटणारा गोंद घातल्याच्या नोंदी १९८०च्या दशकापासून डॉक्टरांनी छापून ठेवल्या आहेत. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, दोन्हींना निमुळती चोच, आणि ड्रॉप घालणारा माणूस नेमका तो, ज्याला नीट दिसत नाही.

डोळ्यात गोंद गेलाच, तर पापण्या जागच्या जागी चिकटतात. तिथे एकच मोह आवरायचा : पापण्या बोटांनी फाकवून बघायचा. बुबुळावर गोंदाचा कडक पापुद्रा बसलेला असतो. पापणी ओढली की तो त्याच्यावरचा नाजूक थर खरवडून आणतो. कोमट, स्वच्छ पाणी डोळ्यावरून सावकाश धारेने सोडत राहायचं, १५ मिनिटं तरी. डोळा चोळायचा नाही. रिमूव्हर, ॲसिटोन, तेल, दूध, मध, गुलाबपाणी काही म्हणजे काही नाही. ॲसिटोन बोटांवर चालतं, डोळ्याजवळ कधीच नाही. मग ओल्या स्वच्छ फडक्याची घडी डोळ्यावर अलगद ठेवून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तुम्हाला केईएम जवळ आहे. रात्री-अपरात्री असेल तर कॅज्युअल्टीत जायचं, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. बाटली सोबत न्या.

तिथे काय करतात? बऱ्याचदा गोंद लागलेल्या पापण्यांचे केस कापून डोळा मोकळा करतात, बुबुळावर ओरखडा आहे का ते दिव्याखाली बघतात आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषध देतात. पापण्या मोकळ्या करता आल्या नाहीत तरी गोंद बहुतेक वेळा एक ते चार दिवसांत आपोआप सुटतो. दृष्टी कायमची जाणं विरळा. पण सासूबाईंच्या डोळ्यावर ताजं ऑपरेशन आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘बघू उद्यापर्यंत’ हा पर्यायच नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाही फोन करायचा.

गोंद कुठे ठेवायचा? औषधांच्या डब्यात नाही, देवाच्या फळीवर नाही (तिथे सगळंच ठेवलं जातं, मला माहीत आहे), फ्रिजच्या दारातही नाही, कारण तिथे बहुतेक घरांत ड्रॉप असतात. शिवणाच्या किंवा हत्यारांच्या डब्यात ठेवा. आणि नणंदबाईंना सांगा, बाटलीभोवती लाल रबरबँड गुंडाळा. बोटांना कळतं, डोळ्यांना नाही कळलं तरी.

प्रश्न : मी विमानतळावर काउंटरला आहे. नखं नीटनेटकी लागतात, म्हणून गेली दोन वर्षं चिकटवते. एक उचकटलं होतं, त्याच्या फटीत पुन्हा गोंद भरला. पंधरा दिवसांनी काढलं तर खालचं नख हिरवट! दुखत नाही. आई म्हणते बुरशी आहे, केमिस्टने गोळ्या दिल्या आहेत. घेऊ का?
– अंधेरी (पूर्व)

उत्तर : गोळ्या परत कर. हिरवा रंग बुरशीचा नव्हे, बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा. त्याला ओल आवडते, आणि त्याच्यातलं रंगद्रव्यच हिरवं असतं. नकली नख एका कडेने सुटलं की तिथून हात धुताना, भांडी घासताना पाणी आत शिरतं. वरून गोंद भरलास की बाहेर पडायची वाट बंद. मुंबईच्या दमट हवेत याहून चांगली सोय त्या जिवाणूला कुठे मिळणार?

आता ते नख मोकळं ठेव. सुटलेला भाग बारीक कापून टाक, हात धुतल्यावर नखाची फट नीट टिपून कोरडी कर. पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग, त्यात रोज पाच-दहा मिनिटं बोट बुडवलं तरी अनेकींना फरक पडतो. कमी झालं नाही तर आम्ही वरून लावायचं औषध देतो. रंग मात्र एका आठवड्यात जाणार नाही. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला चार ते सहा महिने लागतात. तोवर त्यावर नवीन नख चिकटवायचं नाही, गडद नेल पेंटने झाकायचंही नाही. काउंटरवर कुणी विचारलंच तर माझी चिठ्ठी देते.

नखाच्या मुळाशी सूज, ठणका, पू म्हणजे नखुरडं. ते दाखवायला लागतं, आणि मधुमेह असेल तर त्याच दिवशी. आणखी एक : हिरवा डाग वेगळा आणि नखाच्या मुळापासून टोकापर्यंत एकाच बोटावर उमटलेली, रुंद होत चाललेली तपकिरी-काळी रेघ वेगळी. ती दिसली तर नखांचा नाद सोडून आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. क्वचित तो कर्करोग असतो.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पाच-सहा महिने वरच्या पापण्या सुजतात, खाजतात, सोलतात. काजळ बंद केलं, उशी बदलली, खिडकीतल्या कबुतरांना जाळी लावली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. मानेवरही चट्टे येतात. हातांना काहीही नाही, म्हणून विचारते, याचा आणि दर महिन्याला पार्लरमध्ये नखं करण्याचा संबंध असू शकतो का? मैत्रीण म्हणते असतो, मला पटत नाही.
– चारकोप, कांदिवली

उत्तर : मैत्रिणीला चहा पाजा.

बोटांची कातडी जाड, पापणीची शरीरात सगळ्यात पातळ. दिवसभरात आपण चेहऱ्याला आणि मानेला किती वेळा हात लावतो हे मोजायला बसलात तर लाज वाटेल. नखांवरचं रसायन अर्धवट घट्ट झालेलं असलं तर त्याचे कण पापणीला लागतात, आणि ज्याला ॲलर्जी झाली आहे त्याची पापणी सगळ्यात आधी बोलते. हात कोरे आणि पापण्या सुजलेल्या, हे चित्र आम्ही दवाखान्यात बघतो तेव्हा पहिला प्रश्न नखांचाच विचारतो.

नखांच्या दुनियेत दोन घराणी आहेत. एक नेल ग्लूचं सायनोॲक्रिलेट. दुसरं जेल आणि ॲक्रिलिक नखांतलं ॲक्रिलेट, त्यात हेमा नावाचं रसायन सगळ्यात खोडकर. ॲलर्जी दोन्हींची होते, दुसऱ्याची जास्त. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरावीत असा नियम केला, तो यामुळेच. आणि अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांनी २०१२मध्ये ॲक्रिलेटला ‘वर्षातला ॲलर्जन’ हा किताब दिला होता. असाही सन्मान असतो.

तुम्ही दोन गोष्टी करा. नखं काढा, काही आठवडे काहीही लावू नका आणि पापण्यांचं काय होतं ते बघा. मग पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर संशयित रसायनांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी परत बघतात. तेवढे दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये करू नका, जीव नकोसा होतो. पापण्यांवर स्वतःच्या मनाने स्टेरॉइड क्रीम चोपडू नका, डोळ्याचा दाब वाढू शकतो.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर गोष्ट नखांवर संपत नाही, आणि या पत्राला एवढी जागा मी त्यासाठीच दिली. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. त्याच घराण्यातली रसायनं दाताच्या सिमेंटमध्ये, गुडघा बदलताना वापरायच्या बोन सिमेंटमध्ये, साखर मोजायच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीत असतात. टाके टाळून जखमेला गोंद लावतात तो सायनोॲक्रिलेटचाच असतो. वीस वर्षांच्या मुलीला आज कॉलेजच्या गॅदरिंगसाठी लावलेल्या नखाने जडलेली ॲलर्जी पन्नाशीत गुडघ्याच्या ऑपरेशनला आडवी येऊ शकते. तेव्हा रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी दाखवा.

प्रश्न : लालबागला आमची एकच खोली. दिवसा तिथेच पार्लर, रात्री संसार. दिवसाला पाच-सहा जणींची नखं करते. हल्ली संध्याकाळी खोकला लागतो, छातीत शिट्टी वाजते, नाक गळतं. रविवारी बंद असतं तेव्हा बरं वाटतं. मास्क लावते. काम तर सोडता येणार नाही.
– एक ब्यूटिशियन

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य रविवारचं आहे. कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीला आराम, हा नमुना दिसला की कामातून होणाऱ्या दम्याची शंका घ्यायचीच. सायनोॲक्रिलेटच्या वाफेने असा दमा होतो हे माहीत असलेलं आहे. छातीच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. औषधांच्या दुकानात पीक फ्लो मीटर म्हणून फुंकायची नळी मिळते. कामाच्या दिवशी आणि सुट्टीला सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. लवकर पकडलं तर पुष्कळ सावरता येतं, आणि तसंच रेटलं तर पुढे थोड्याशा वाफेनेही दम लागायला लागतो.

मास्कबद्दल वाईट बातमी : कापडी काय, सर्जिकल काय, वाफ अडवत नाही. तो घासताना उडणाऱ्या नखांच्या भुकटीपुरता. वाफेसाठी हवा बदलायला हवी. ही वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलाच्या पातळीवरच घुटमळते. छतावरचा पंखा ती तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर आणून टाकतो. टेबल दाराकडे सरकवा, खिडकीला बाहेर फेकणारा पंखा बसवा, हवा तुमच्या पाठीकडून टेबलावरून बाहेर जाईल अशी बसायची जागा ठेवा. बाटली उघडी ठेवू नका. गोंद आणि ॲसिटोन टिपलेले टिशू झाकणाच्या डब्यात टाका. हातमोजे नायट्रिलचे घ्या. स्वस्तातल्या पातळ मोज्यांतून ॲक्रिलेट बघता बघता आत जातं. सुती मोजे का नकोत, ते पहिल्या पत्रात आलंच.

आणि एकच खोली आहे म्हणून कळकळीने सांगते : ॲसिटोन पेट घेतं. त्याची वाफसुद्धा. वाटी उघडी असताना शेगडी पेटवायची नाही, निरांजन नाही, उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. काम आटोपून, बाटल्या बंद करून, खोली मोकळी झाल्यावरच दिवेलागण. सासूबाई कुरकुरतील. त्यांना माझं नाव सांगा, आमची ओळख असणारच.

प्रश्न : फेविक्विकने नखं चिकटवली तर काय बिघडतं? रसायन तेच आहे असं भाऊ म्हणतो. आणि डॉक्टर जखमेला गोंद लावतात तो कुठला?
– कॉलेज विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर : भाऊ घराण्यापुरता बरोबर आहे. सायनोॲक्रिलेट १९४२मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलं. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, हे सगळीकडे चिकटतं म्हणून बाजूला ठेवलं. पुढे १९५८मध्ये गोंद म्हणून बाजारात आणलं. तुटलेलं खेळणं आणि नकली नख दोन्हींना साधारण तेच इथाइल सायनोॲक्रिलेट. पण खेळण्याचा गोंद माणसाच्या अंगाला लावायला बनवलेला नाही. नेल ग्लू निदान त्या कामासाठी म्हणून विकला जातो, त्याची बाटलीही थेंब मोजून पडेल अशी असते. जखमेचा गोंद ब्युटाइल किंवा ऑक्टाइल जातीचा, निर्जंतुक केलेला. तो कातडीला कमी चुरचुरतो. अमेरिकेत ऑक्टाइल गोंदाला १९९८मध्ये मान्यता मिळाली. चिरलं म्हणून घरातला गोंद ओतू नकोस. तो जखमेच्या आत गेला तर जखम भरायच्या आड येतो.

एका रात्रीपुरतीच नखं हवी असतील तर पाकिटातल्या दुहेरी चिकटणाऱ्या जेलीच्या पट्ट्या वापर. गरब्यात एखादं नख उडेल. उडू दे.

प्रश्न : सव्वा वर्षाच्या नातवाने बाटली तोंडात घातली. ओठ चिकटले होते, आपोआप सुटले. नावात सायनो आहे म्हणे. पोटात विष गेलं असेल का?
– आजोबा, मुलुंड

उत्तर : सायनाइडची विषबाधा यातून होत नाही. गोंद थुंकीने तोंडातच घट्ट होतो, त्यामुळे गिळला जाण्याची शक्यता कमी. पुन्हा झालंच तर ओठ ओढायचे नाहीत, कोमट पाण्याने बाहेरून भिजवत राहायचं, थुंकी आतून तिचं काम करते. सुटलेला तुकडा घशात अडकू नये म्हणून बाळाला बसतं ठेवा, आडवं नको. श्वास घुरघुरला, लाळ गळत राहिली, गिळता येईना, तर १०८ किंवा जे मिळेल ते वाहन आणि थेट रुग्णालय. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर फुकट सल्ला देतं. क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा. सुनेला रागावू नका, बाटली उंचावर ठेवायला स्टूल तुम्हीच धरा.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. हॉस्पिटलने नखं काढून या म्हणून सांगितलं. दिवाळीत लावलेली, अजून घट्ट आहेत. एक तरी ठेवता येतील का? आणि घरी काढू कशी?
– परळ

उत्तर : ‘एक तरी’ला बहुवचन लावलंत, म्हणजे दहाही ठेवायची इच्छा दिसते. नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून उजेड पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतो. जाड नकली नख आणि गडद रंगाने आकडा चुकू शकतो. बेशुद्धावस्थेत भूलतज्ज्ञ तुमच्या नखांचा रंगही बघत असतात. शिवाय नखाखाली जंतू बसतात.

काढायला निवांत तासभर ठेवा. आधी कोमट साबणाच्या पाण्यात हात १५ मिनिटं बुडवा, कडा सैल होतात. हात कोरडे करा. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावा, मग ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. इथे कापूस चालतो, कारण गोंद केव्हाच घट्ट झालेला आहे. दहा-पंधरा मिनिटांनी लाकडी काडीने कडेकडेने ढकलून बघा. येत नसेल तर परत भिजवा. बाटलीवर ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलं असेल तर त्याने हे काम होणार नाही. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. चावून, सुरीने, नेलकटर खाली घालून उचकटलंत तर खऱ्या नखाचे पापुद्रे सोबत निघतात, आणि ऑपरेशनला जाताना बोटाला ताजी जखम नको. हे आदल्या रात्री नाही, दोन-तीन दिवस आधी करा. नखांवर पांढरे खरबरीत चट्टे दिसले तर घाबरू नका, खोबरेल तेल चोळा, वाढीबरोबर जातील. भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा कधी कसली ॲलर्जी झाली असेल तर तीही सांगा, पापण्यांची धरून.